नामदेवभाऊंचं मास्टर बोट

कुरवंड्याच्या रस्त्यावरच्या टपरीत वडा समोर आला की माणसं आधी चटणी बघतात. नामदेवभाऊ आधी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढतात. गरम वडा त्याच्या दोन जबड्यांत हलकेच धरतात, डोळे बारीक करून आकडा वाचतात आणि टपरीवाल्याला विचारतात, "मंगळवारचा बावन्न मिलिमीटर व्हता. आजचा सत्तेचाळीस. साच्याची डाय झिजली का काय तुजी?"

"भाऊ, हातानं वळतो मी."

"मग हात झिजला," असं म्हणून भाऊ वडा खातात. टपरीवाला कधी चिडत नाही. उलट नवख्या पर्यटकांना तो हे दृश्य कौतुकानं दाखवतो, आणि लोक फोटोही काढतात.

मी कुरवंड्याच्या शाळेत मराठी शिकवते. घर तळेगावचं, पण रोज ये-जा जमत नाही, म्हणून भाऊंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. सोमवार ते शनिवार त्यांच्या तावडीत असते. शनिवारी शाळा सुटली की तळेगावला पळते ती सोमवारी उगवते.

भाऊ एकतीस वर्षं आंबीजवळच्या एका कारखान्यात होते. काम काय, तर मापं घ्यायच्या उपकरणांचीच मापं घ्यायची. लाकडी पेटीत मखमलीवर एक पोलादी तुकडा ठेवलेला असे. त्याला म्हणायचं 'मास्टर'. कारखान्यातलं प्रत्येक गेज या मास्टरला लावून बघायचं. जुळलं तर पास, नाही जुळलं तर लाल रंगाचा पट्टा ओढून भंगारात. कारखाना सुटला, पण तो लाल रंगाचा डबा आणि बारीक ब्रश मात्र भाऊंबरोबर घरी आला. त्यांच्या घरातलं एक घड्याळ, दोन तराजू आणि माझी प्लास्टिकची फूटपट्टी लाल पट्टा मिरवत आहेत. शाळेच्या झेंड्याचा खांबही त्यांनी ओळंबा लावून तपासला होता. "दीड अंश तळेगावकडं कललाय, बाई," असं मला ऐकवलं, जणू मीच त्याला घरच्या ओढीनं कलवला होता.

त्यांच्या तोंडी दोनच वाक्यं. एक, "मास्टरशी जुळतंय का?" आणि दुसरं, "स्थिरावू दे." चहा गाळला की लगेच प्यायचा नाही, स्थिरावू दे. पंखा बंद केला की तो पूर्ण थांबेपर्यंत खालून उठायचं नाही, स्थिरावू दे. पुतण्याला स्थळ आलं तेव्हा सगळे होकार द्यायला निघाले होते, तर हे म्हणाले, "पोरगी लय चांगली हाय. पन जुळवायची कुनाशी? मास्टर कोन?" पुतण्याची आई दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हती.

अशा माणसाला डॉक्टरांनी, बिचाऱ्यांना काही कल्पना नसताना, एक उपकरण विकत घ्यायला सांगितलं.

झालं असं, की शेवंतामावशींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, आषाढात छातीचं दुखणं झालं. बऱ्या होऊन घरी आल्या, पण डॉक्टर म्हणाले, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवा. सकाळ-संध्याकाळ आकडा बघा. चौऱ्याण्णवच्या खाली जायला लागला तर वाट बघत बसू नका, निघा. आता निघा म्हणजे काय, हे कुरवंड्याच्या माणसालाच कळेल. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी भुशीच्या धरणावर भिजायला आलेल्यांच्या गाड्या रस्त्यावर अशा उभ्या असतात की एरवीच्या पंधरा मिनिटांना दोन तास लागतात. आकडा वेळेवर कळला तरच मावशी वेळेवर पोचणार. भाऊंनी हे मनाशी पक्कं धरलं आणि चुकीचं माप दाखवणारं मशीन आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही अशी शपथच घेतली.

पहिलं मशीन लोणावळ्याच्या एका औषधाच्या दुकानातून आलं. संध्याकाळी ओट्यावर चाचणी. भाऊंनी मला बोलावलं, कारण डबीतला कागद इंग्रजीत होता. मी म्हटलं, "भाऊ, मी मराठीची बाई." तर म्हणाले, "बाई म्हनल्यावर सगळं यायला पायजे. वाचा."

पण वाचायच्या आधीच त्यांनी स्वयंपाकघरातून एक भेंडी आणली. "जिवंत बोट वळखतंय का न्हाई, ते आधी बघू." भेंडी मशीनच्या चिमट्यात धरली. मशीननं थोडा विचार केला आणि आकडा दाखवला, सत्त्याण्णव. नाडी बहात्तर.

भाऊंनी भेंडी काढून बाजूला ठेवली. मग त्यांनी स्वतःचं बोट घातलं. शहाऐंशी.

"भेंडी ठनठनीत हाय," भाऊ म्हणाले, "अन मी दवाखान्यात!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदारापुढं तीच भेंडी ठेवली. एव्हाना ती सुकली होती, तरी पंच्याण्णव आलं. दुकानदारानं मुकाट्यानं मशीन बदलून दिलं. त्यात त्याला फार वाव नव्हता, कारण जुन्यावर लाल पट्टा ओढून झाला होता.

दुसरं मशीन शहाणं निघालं. भेंडीला त्यानं नुसत्या दोन रेघा दाखवल्या. पेन्सिलीलाही रेघा. माझं बोट अठ्ठ्याण्णव, दूधवाला सत्त्याण्णव, टपरीवाला सत्त्याण्णव. मी म्हटलं, "झालं भाऊ, मावशींना लावा."

"थांबा. मास्टरशी जुळाय नको?"

"आता मास्टर कोण?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी. रोज नागफनीच्या माथ्यावर जाऊन येतो, दम लागत न्हाई. या गावात माझ्याइतकी कोरी छाती दुसरी दावा." मग त्यांनी आपली तर्जनी शर्टाला पुसून, कारखान्यातला तो पोलादी तुकडा उचलावा तशा अदबीनं मशीनमध्ये ठेवली. सगळे वाकून बघायला लागलो. "स्थिरावू दे," भाऊ म्हणाले.

स्थिरावलं ते सत्त्याऐंशीवर.

लाल पट्टा.

मी तेव्हा तो कागद खरंच वाचला. हात गार नसावेत, बोट हलवू नये, नखांना रंग लावलेला नसावा. शेवटचं ऐकून भाऊ भडकले. "मी काय नटवी हाय व्हय, रंग लावाया?" त्यांची नखं काळपट-तांबडी होती, तळहातही तसलेच. मी दोन वर्षं ते हात बघत होते आणि एकदा विचारलंही होतं. "मशीनचं तेल," म्हणाले होते, "एकतीस वर्षं मुरलंय, आता माझ्यासंगंच जानार." मला ते पटलं होतं.

तिसरं मशीन तळेगावहून मी आणलं. भेंडी रेघा, मी अठ्ठ्याण्णव, भाऊ पंच्याऐंशी. चौथं पुतण्यानं फोनवरून मागवलं. भाऊ शहाऐंशी... सत्त्याऐंशी... परत शहाऐंशी. पट्टा, पट्टा. इकडं तीन आठवडे गेले आणि ज्या बाईच्या बोटासाठी हे सगळं चाललं होतं तिचं बोट अजून मोकळंच होतं. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, गावात सगळ्यांचं बरोबर येतं आणि तुमचंच चुकतं, तर मशीन चुकतंय असं कसं?"

बोलून गेले आणि वाटलं, जीभ चावावी. भाऊंनी ब्रश डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर ते फाटकापाशी उभे होते. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, काल लय इचार केला. चार गेजं एकच सांगत्यात, तर गेज खोटं नसतं. मास्टरच झिजलाय."

"अहो, डॉक्टरांना दाखवा ना मग."

"दावीन. पन हिला सांगू नका. हिचं आत्ताशी कुटं सुदरतंय." मग म्हणाले, "मला काय झालं तर हिचा आकडा कोन बगनार, सांगा की."

या माणसाच्या तोंडून असला प्रश्न येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वर्गात माझं लक्ष नव्हतं. दोनदा त्याच मुलाला उभं केलं.

त्या शनिवारी तळेगावला जायला निघाले, पण वाटेत भुशीच्या गाड्यांनी जीप जिथल्या तिथं खिळवून ठेवली. दीड तास पावसात काचा पुसत बसलो, आणि शेवटी ड्रायव्हरनं गाडी मागं वळवली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझा रविवार कुरवंड्यात उजाडला.

सकाळी दहाच्या सुमाराला मी साखर मागायला मागच्या पडवीत गेले. मी घरी आहे हे भाऊ-मावशींना ठाऊकच नव्हतं.

मावशी पाटावर बसल्या होत्या, खांद्यावर जुनी चादर. मागं स्टुलावर भाऊ. शेजारी लोखंडी कढई, आणि तिच्यात चहाच्या पाण्यात भिजवलेली काळीभोर मेंदी. भाऊ कंगव्याच्या टोकानं भांग पाडत होते, बोटांनी मेंदी घेऊन केसांच्या मुळाशी बसवत होते आणि पुढचा भांग पाडत होते. दोन भांगांमधलं अंतर सारखंच होतं. ते मी न मोजताही सांगू शकते.

मला बघून भाऊंचे हात हवेतच राहिले. कोपरापर्यंत मेंदी. कॅलिपर हातात असता तर तोच पुढं करून त्यांनी चेहरा झाकला असता.

"बसा बाई," मावशीच म्हणाल्या. "आता बगितलंच तुमी, तर बसा. माझा खांदा आखडलाय तीन वर्सं, हात वर जात न्हाई. दर पंधरा दिवसांनी ह्येच लावत्यात."

"गावात बोलू नका," भाऊ पुटपुटले. "त्या टपरीवर मला ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत."

"अहो पण, हातमोजे तरी घालायचे!"

"घातलते एकदा. केस वढले जात्यात तिचे."

मावशी हसल्या. "मीच म्हनलं व्हतं, काळं करा म्हून. पांढऱ्या केसांनी मानूस आजाऱ्यागत दिसतंय. मला न्हाई दिसायचं तसं."

मी त्या हातांकडं बघत राहिले. मी स्वतः दर महिन्याला डोक्याला मेंदी लावणारी बाई. दुसऱ्या कुणा बाईच्या हातावर ती असती तर लांबून ओळखली असती. पण पुरुषाच्या हातावर, तेही नामदेवभाऊंच्या, मेंदी असेल हे माझ्या डोळ्यांना सुचलंच नव्हतं. मशीनचं तेल म्हणे. आणि मग मला तो कागद आठवला.

"भाऊ!" मी ओरडलेच. "नखं! नखांना रंग नसावा असं लिहिलं होतं. ही मेंदीच आहे की रंग! म्हणून मशीनला तुमचं बोट नीट दिसत नाही. तुम्हाला काहीही झालेलं नाही!"

भाऊंना ते पटायला वेळ लागला. ते स्टुलावरच बसून नखांकडं बघत होते. मग म्हणाले, "पुराव्याबिगार न्हाई." दोन्ही हातांची दहा बोटं रंगलेली. मी म्हटलं, पायाचं लावून बघा. भाऊंनी पाय धुतला, पुसला, तो कोमट होईपर्यंत चोळला. लाल पट्ट्याचं चौथं मशीन मी घरातून आणलं आणि पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला लावलं. भाऊ एका पायावर, भिंतीला मेंदीचा हात टेकवून. आम्ही तिघंही वाकलो.

सत्त्याण्णव.

"भेंडीयेवढं आलं!" मावशी इतक्या हसल्या की कपाळावर मेंदीचा ओघळ आला. भाऊही हसले. पण मध्येच थांबले आणि खाली बसले. "म्हंजे तीन चांगली मशिनं मी हानून पाडली," म्हणाले. "अन तीन आठवडं तुजा आकडाच बगितला न्हाई. काय झालं असतं तर?"

"काय झालं न्हाई," मावशी म्हणाल्या. "बोट धरा आता."

पंच्याण्णव आला. भाऊंनी तो दोनदा मोठ्यानं वाचला.

आता मेंदीच्या रविवारी भाऊंच्या डाव्या हाताच्या तर्जनीला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड असतो. ते मास्टर बोट, नख घासून कोरं केलेलं. ते मेंदीत जात नाही, भाजीत जात नाही, टपरीवर वड्यालाही लागत नाही. लाल पट्टे रॉकेलनं पुसून झालेत. मशीन रोज सकाळी आधी त्या बोटाला, मग मावशींच्या.

परवा शाळेला निघताना मी पडवीत डोकावले. मावशींच्या बोटाला मशीन होतं आणि त्यांचा हात भाऊंनी आपल्या दोन्ही हातांत धरला होता. शहाण्णव. आकडा माझ्या डोळ्यांदेखत आला, एवढासाही हलला नाही. मी चप्पल घातली, छत्री शोधली, डब्याचं पाणी पुसलं, तरी दोघं तशीच बसलेली.

"भाऊ," मी म्हटलं, "आकडा केव्हाच आला."

"स्थिरावू दे," ते म्हणाले.

मावशींनीही हात काढून घेतला नाही.