नानांचे आणे

आमच्या नानांसमोर कॅन्टीनचा चहा ठेवला की ते एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "दहा आणे गरम." कुठल्याही गोष्टीला नुसतं 'आहे' किंवा 'नाही' म्हणणं त्यांना पटतच नाही. बस आली का विचारलं तर म्हणतील, "चार आणे आली. फाट्यावर दिसतेय." पूर्ण सोळा आणे मात्र त्यांनी कशालाच दिले नव्हते, स्वतःच्या लग्नालाही नाही.

नाना शिरपूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवतात. मी त्यांचा विद्यार्थी, आमच्या घरातला पहिला पदवीधर. प्रोग्राम लिहायला मला त्यांनीच शिकवलं आणि आता मी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसतो. त्यांचा लाडका प्रोग्राम जुने फोटो अर्थावरून शोधतो. फोटोत हसू किती, गर्दी किती, घाई किती, हे तो आण्यांत ठरवतो. मी 'आनंदी नवरदेव' शोधला, तर माझ्या थोरल्या भावाच्या लग्नातल्या फोटोला तीनच आणे मिळाले.

"नाना, प्रोग्राम चुकला."

"चुकला नाही, भाऊ. सासरा बघ किती जवळ उभा आहे!"

फोटोंसाठी नाना सोनगीरकडची गावं पालथी घालतात, घरोघरी लग्नाचे अल्बम मागतात. एका अक्कांनी विचारलंच, "कोणासाठी पोरगी बघताय, नाना?"

"पोरगी नाही अक्का, आई बघतोय."

खरंच होतं ते. नानांच्या आईचा एकही फोटो नाही. ती लग्नांत जेवणासाठी कणकेच्या बट्ट्या भाजायला जायची. फोटोग्राफर मांडवात, ती मांडवामागे धुरात. नाना शाळेत असतानाच ती गेली. "कुठल्यातरी फोटोच्या कोपऱ्यात असेलच की," ते म्हणायचे.

परवा त्या अक्कांचा अल्बम संगणकात घातला आणि नानांनी टाइप केलं: 'धूर बराच, लग्न थोडंसं, बाई रागावलेली, पण फार नाही.'

पडद्यावर एक नवरी आली. तिच्या खांद्यामागे, धुरात, चिमटा उगारलेली एक बाई. तोंडावरचं हसू मात्र लपत नव्हतं.

"कोणावर रागावल्यात या?" मी विचारलं.

"माझ्यावर. मी फोटोच्या बाहेर आहे. बट्टी घेऊन पळालोय."

प्रोग्रामनं फोटोला नऊ आणे दिले होते. नानांनी पडद्यावर बोट टेकवलं. एरवी कॉलेजात शुद्ध बोलणारे नाना हळूच अहिराणीत म्हणाले, "हाई मनी माय शे, भाऊ. सोळा आणे."

टेबलावरचा चहा तोवर पार गार झाला होता. नानांनी तो एका दमात संपवला. किती आणे, ते सांगायचं राहूनच गेलं.