व्हॅक्यूमच्या पाइपाचा खून

टप्प.

तान्ह्या साईराजला नुकतीच झोप लागली होती, घर गप्प होतं आणि मी चार ओळी लिहायला बसले होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत हा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर कोपऱ्यातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप गळ्याशी अर्धवट फाटून जमिनीवर पडलेला.

“कुणी कशाला हात लावायचा नाही!” मागून गर्जना झाली. अर्थात कुजबुजत, कारण साईराज. “पेण ते रोहा या पट्ट्यात माझ्यासारखी नजर दुसरी नाही. माझं नाव ऐकून गुन्हेगार अलीकडच्याच स्टेशनवर उतरतात.”

हे माझे यजमान, नितेश. कंपनीत शिफ्ट, घरी डिटेक्टिव्ह. आजवर त्याने एकच प्रकरण सोडवलंय, दूध कोण पितं ते. मांजर पीत होती. तेही त्याच्यासमोरच.

प्रकरण मात्र खरंच गंभीर होतं. मशीन त्याच्या बहिणीची, रोह्याच्या वनिताताईंची. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली पांढरी धूळ साईराजच्या छातीत बसते, म्हणून त्यांनी ती दिली आणि बाळाचा खोकला थांबला. ‘नीट वापरलीत तर ठेवा हो,’ म्हणाल्या होत्या. नीट वापरली का, हे बघायला त्या आजच येत होत्या.

“उंदीर,” नितेश म्हणाला.

“दातांच्या खुणा कुठायत?”

“नाहीत. म्हणजे उंदीर म्हातारा.”

मग त्याने खिडकीतून कारखान्यातल्या केरूदादाला गाठलं.

“मघाशी कुठं होतात?”

“गणपतीला सोंड लावत व्हतो.”

नितेशने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. “ऐकलंस? लांब, वळणारी वस्तू! याला माप हवं होतं!”

“साहेब,” केरूदादा म्हणाला, “असल्या वळ्यावळ्यांच्या सोंडेचा गणपती नेईल कोन?”

“म्हणजे गिऱ्हाईकही कटात आहे,” नितेश पुटपुटला.

तिसरा सिद्धांत हवामानाचा होता. तो मी ऐकला नाही, भाजी करपत होती.

परत आले तर आमची चार वर्षांची सुरभी पाइप खांद्यावर टाकून मशीन ओढत होती. “चल गो ढवळे, चल!”

“हे काय गं?”

“बाबा अशीच नेतात. उंबऱ्यावर अडली की जोऽरात.”

गडब गावातल्या गोठ्यात वाढलेला माणूस. चाकं असलेली वस्तूसुद्धा तो दाव्याच्या गायीसारखी गळ्याला धरून ओढत नेत होता.

“साक्षीदार लहान आहे,” डिटेक्टिव्ह म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

मी केरूदादाकडून कटर आणला, फाटका तुकडा कापून टाकला आणि उरलेला पाइप मशीनच्या तोंडाच्या आट्यांत पिळून घट्ट बसवला. सुरू करून तळहात लावला. चिकटला! साईराजने नुसती कूस बदलली. पाइप वीतभर आखूड झाला होता, एवढंच.

“ताईंना काय सांगायचं?” मी विचारलं.

“उंदीर,” नितेश ठामपणे म्हणाला. “म्हातारा.”

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. “काय गो मनाली, कशी हाय माझी मशीन?”

डिटेक्टिव्ह मोरीत शिरले. कडी लावल्याचा आवाज आला.

सुरभीने माझी ओढणी ओढली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, “आई, आत्याला खरं सांगू, का बाबांचं?”