सर्वेशच्या सर्व्हरची वेळ

"सोमवारपासून या संघात कोणी कोणाला फोन करणार नाही!" सर्वेशने जाहीर केलं.

कुडाळच्या काजू उत्पादक संघात कंप्युटर सांभाळायला लागून त्याला जेमतेम महिना झाला होता. एका जुन्या मशीनवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घालायचं, त्यावर सर्व्हर बसवायचा, की तळेरे, शिरोडा, सगळ्या शाखांना बैठका, निरोप आणि फायली एकाच जागी दिसतील, असं त्याने अध्यक्ष गुरुदासआप्पांना पटवलं होतं.

"माणसां येतली मां बैठकीक?" आप्पांनी एवढंच विचारलं.

"धावत येतील!"

पण तो सर्व्हर म्हणजे रुसलेला वरपक्ष! सॉफ्टवेअरचं एक पॅकेज टाकलं की दुसरं मागे, दुसरं दिलं की तिसऱ्यासाठी अडून बसे. शेवटी सर्वेश कंटाळला आणि समोर येईल त्या प्रश्नाला न वाचताच एंटर मारत सुटला. सर्व्हर चालू झाला!

पहिलीच बैठक मोठी होती. हंगामाचा दर ठरवायला कोल्हापूरचा व्यापारी येणार होता. ऑफिसातल्या संचिताने गुरुवार, सकाळी अकरा अशी नोंद सर्व्हरवर केली. गुरुवारी अकराला व्यापारी आला, आप्पा आले, खुर्च्या मात्र रिकाम्या! व्यापाऱ्याचं तिसरं कोकम सरबत संपलं तेव्हा संचिताने तळेऱ्याच्या शाखाप्रमुख शंकरला फोन लावला.

"गो बाय, येतंय मां! साडेचारची बैठक, आताच येवन काय करू?"

"साडेचारची? कोणी सांगितलं?"

"तुमच्या कंप्युटरान!"

पुढच्या गुरुवारी अकराला परत येतो म्हणून व्यापारी निघून गेला. साडेचारला मात्र सगळे शाखाप्रमुख हजर, अगदी वेळेवर!

सर्वेशने घाम पुसत सर्व्हर तपासला. घड्याळ कुठलं लावू, या प्रश्नावर त्याने यादीतल्या पहिल्याच नावावर एंटर मारला होता. ते नाव होतं आफ्रिकेतल्या अबिद्जान शहराचं! ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे सर्व्हर संचिताचे अकरा तिथले समजे आणि शाखांमध्ये पोचेपर्यंत त्यांचे साडेचार होत होते.

"आफ्रिकेचो टायम?" आप्पा कडाडले. "थयल्या काजून आमचो दर पाडल्यान, आता घड्याळ पण थयलांच?" मग ते शंकरवर घसरले. "आणि तू रे! पुढच्या खेपेक कंप्युटरात दिसात त्या टायमाक येवचां! मिनिटभर उशीर नको!"

सर्वेशने दुसऱ्या दिवशी गुपचूप घड्याळ भारताचं केलं. लाज वाटत होती, म्हणून कोणाला सांगितलं नाही. इकडे संचितालाही त्याची दया आली. बिचारा पुन्हा ओरडा खाईल, म्हणून तिने हिशोब मांडला आणि पुढच्या बैठकीची वेळ साडेपाच तास अलीकडे टाकली. तिनेही कोणाला सांगितलं नाही.

गुरुवारी पहाटे आप्पा मशेरी लावत घरापुढच्या खळ्यात आले, तर बाकावर शंकर आणि बाकीचे शाखाप्रमुख ओळीने बसलेले!

"ऑफिस बंद होतां, म्हणान हयच इलंव," शंकर म्हणाला.

"एवढ्या पहाटे?"

"कंप्युटरात साडेपाच म्हणजे साडेपाच! तुम्हीच सांगलास!"

आप्पांनी आत चहा सांगितला. चहा झाला, घावणे झाले, मग भांडणं झाली. अकरा वाजेपर्यंत मनसोक्त भांडून सगळ्यांचं एका दरावर एकमत झालं. व्यापारी आला तो नेहमीप्रमाणे एका शाखेला दुसरीविरुद्ध खेळवायच्या तयारीने, पण कोणी तसूभर हलेना! जेवणाआधी त्याने दर मान्य केला.

सर्वेश मान खाली घालून माफी मागायला आला. आप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"तुझो कंप्युटर बरो आसा रे! हेच्यापुढे सगळ्यो बैठकी पहाटे साडेपाचाकच!"

"पण आप्पा, ती चूक..."

"चूक कसली! ही ऑफिसाची चावी घे. पाचाक उघडून ठेव."

सर्वेशच्या गावाहून कुडाळची पहिली एसटी साडेसहाला सुटायची.