टनेलात ट्रॅफिक नाही

दुपारचं जेवण उरकून दत्तात्रेय घरत हात पुसत टेबलाशी येत आणि तेवढ्यात त्यांच्या ऑफिसातला टनेल पडलेला असे. पडला म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवरची हिरवी रेघ लाल होई. मग ते खुशीत फोन उचलत. टनेल पडल्यावर खूश होणारा माणूस अख्ख्या उरण तालुक्यात दुसरा नसेल. कारण त्या फोनवर पलीकडून कोणीतरी बोलत असे.

सागरछाया रोडलाइन्सच्या या ऑफिसात एकेकाळी बसायला खुर्ची मिळत नसे. मग कंपनीचा सगळा कारभार क्लाउडवर गेला आणि माणसं बेलापूरच्या काचेच्या इमारतीत गेली. उरणला उरल्या खुर्च्या, लुकलुकणाऱ्या दिव्यांचा एक डबा आणि दत्तात्रेय. यार्डात एखाददुसरा ट्रेलर आला तर त्याची नोंद करायची, एवढंच काम. बायको नूतन दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा प्रणय मस्कतला. घरी चार भिंती आणि इथे रिकाम्या खुर्च्या. त्यातल्या त्यात खुर्च्या बऱ्या, त्यांच्यावर निदान कोणी येऊन बसेल अशी आशा तरी असते.

"मॅडम, पडला परत."

"काका, दुपारी तुम्ही कॉम्प्युटरला हातच लावत नाही ना?" रुचिका म्हणाली. ही पुण्यात बसून कंपनीचं नेटवर्क सांभाळणारी मुलगी. "किती वेळा सांगू? आपल्या ऑफिसातून क्लाउडपर्यंत इंटरनेटमधूनच काढलेली ही खासगी वाट आहे. टनेल नुसतं म्हणायला. त्यातून बराच वेळ काही गेलं नाही, की क्लाउडला वाटतं इकडे कोणी नाहीच. मग तो बंद करतो."

"मी हाय की हितं."

"तुम्ही आहात हो, पण ट्रॅफिक नाही."

दत्तात्रेयांच्या मनात आलं, क्लाउडला तरी काय बोल लावायचा? पोटच्या पोरालाही बहुधा तसंच वाटत असावं.

"एक सेटिंग आहे," रुचिका म्हणाली. "ते केलं की टनेलच अधूनमधून 'आहेस का?' म्हणून विचारतो आणि क्लाउड 'आहे' म्हणतो. पण त्याला साहेबांची परवानगी लागते. मेल टाकलाय. आणि काका, साहेब वैतागलेत. म्हणाले, रोज पडणार असेल तर उरणचं ऑफिसच बंद करू. घरतांना घरी आराम करू दे."

आराम हा शब्द ऐकताच दत्तात्रेयांनी फोन ठेवला. ते तडक उठले आणि रस्त्यापलीकडे नामाच्या टपरीवर गेले. मन मोकळं करायला तेवढीच एक जागा होती, आणि नामाचे हात रिकामे नसले तरी कान रिकामे असत.

"नामा, हापिस बंद व्हनार आमचा. टनेलात ट्रॅफिकच न्हाय बोलतान."

चहा गाळता गाळता नामा थबकला. समोरच्या रस्त्यावर पार फाट्यापर्यंत कंटेनरांची रांग लागली होती आणि सकाळपासून एक चाक हललं नव्हतं.

"टनेल? तुमचा? कुठपरत जातो?"

"थेट क्लाउडपरत. मुंबईच्या पन पल्याड."

"आनि ट्रॅफिक न्हाय?"

"एक गारी न्हाय," दत्तात्रेय दुःखाने म्हणाले. त्यांच्या मनात यार्ड होतं. नामाच्या मनात काय होतं ते विचारायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुलूप काढत होते तोच मागे हॉर्न वाजला. चाळीस फुटी कंटेनर घेऊन सुजित नावाचा ड्रायव्हर गेटात घुसला होता आणि त्याच्या मागे आणखी ट्रेलर वळत होते.

"काका, बोगद्याचा पास द्या ना लवकर. पनवेलला टाइमपे पोचायचंय."

"कसला बोगदा?"

"टपरीवर सगळे बोलतायत. जमिनीखाली एकदम मोकळा पडलाय रोड. आता तुम्ही पण वशिला बघून सोडणार काय?"

दत्तात्रेय खुलासा करायला तोंड उघडणार, इतक्यात हिरामण पाटील आले. वय सत्तरीचं, आवाज तिशीतला, आणि मागे अर्धा गाव. बंदरासाठी जमिनी गेल्यापासून या गावात कोणी नुसती मोजणीची टेप काढली तरी माणसं जमत.

"दत्तू," हिरामण कडाडले, "तुझे हापिसातून बोगदा काढलाय म्हनं. कोनाचे शेताखालून नेलास? आनि गावाला इचारला कोनी?"

आता खरं सांगून टाकायचं आणि सगळ्यांना वाटेला लावायचं, एवढंच काम होतं. पण दत्तात्रेयांनी मागे पाहिलं. माणसं आत शिरून खुर्च्यांवर बसायला लागली होती. एकाने पंखा लावला. कोणीतरी कोणालातरी "सरक जरा" म्हणालं. त्या ऑफिसात हे शब्द उच्चारले जाऊन वर्षं लोटली होती. दत्तात्रेयांनी एक खुर्ची झटकून हिरामणपुढे ओढली.

"बसा ना दादा," ते म्हणाले. "चहा सांगतो."

चहा आला, तोवर नकाशाची मागणीही आली. नकाशा नव्हता, म्हणून दत्तात्रेयांनी कॉम्प्युटर दाखवला. पडद्यावर डावीकडे एक चौकोन, उजवीकडे एक ढग आणि मधून गेलेली हिरवी रेघ.

"चौकोन म्हंजे ह्यो हापिस?" हिरामणनी विचारलं.

"व्हय."

"रेघ उजवीकडं जाते. हापिसाचे उजवीकडं कोनाचा शेत हाय?"

सगळे त्यांच्याकडेच बघू लागले. उजवीकडे हिरामणचंच शेत होतं, गेलेल्या जमिनीतून वाचलेला तेवढा एक तुकडा.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला पाहिला आणि दत्तात्रेयांना स्वतःची लाज वाटली. "दादा, आईशपथ, जमिनीखाली कायच न्हाय," ते म्हणाले, आणि वायर, डबा, पुण्याची मुलगी असं सगळं सांगून मोकळे झाले. सुजितने कपाळावर हात मारून ट्रेलर मागे घेतला, बाकीच्यांनाही मागे घ्यायला लावलं. गावकरी मात्र जागचे हलले नाहीत.

"आमाला पन पयलं असाच सांगितलेला," हिरामण म्हणाले. "निस्ती मोजनी करताव, जमिनीला हात न्हाय लावनार. मंग कुठं गेली जमीन? आता आमी रोज बसनार हितं. दर घंट्याला दाखवायची रेघ. केसभर जरी सरकली ना, दत्तू, तर बघ!"

झालं. रोज सकाळी हिरामण हजर, सोबतीला पाळीपाळीने कोणी एक. दर तासाला दत्तात्रेय क्लाउडवरची नोंदवही उघडून टनेल दाखवायचे. मध्येच कोणाला शंका आली की पुन्हा दाखवायचे. दुपारी डबे एकत्र उघडले जात. कोणी सुकट आणी, कोणी तांदळाची भाकरी. नोंदवही उघडली की टनेलातून काहीतरी जाई, म्हणून तो पडायचा बंद झाला, आणि त्यामुळे दत्तात्रेयांचा पुण्याचा फोनही बंद झाला. हे त्यांच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

एक दिवस रुचिकाचाच फोन आला. "काका, आहात ना? तुमचा आवाज नाही म्हणून काळजी वाटली. साहेब तर खूश आहेत, ऑफिस बंद करायचा विषयच काढत नाहीत. काय केलंत?"

"ट्रॅफिक लागला," दत्तात्रेय म्हणाले.

"आणि त्या सेटिंगची परवानगी आली. आत्ता करून टाकते. मग कोणी काही उघडून बघायची गरजच नाही."

दत्तात्रेयांनी समोर पाहिलं. हिरामण खुर्चीत बसून नखाने दात कोरत होते.

"नको करू पोरी," ते हळूच म्हणाले. "हितं आमी मानसंच इचारताव, आहेस का म्हनून."

फोन ठेवला तरी मन खात राहिलं. म्हातारा उन्हातून रोज चालत येतो, रात्री जमिनीच्या काळजीने झोपत नसेल. शेवटी ते खुर्ची ओढून जवळ बसले.

"दादा, परत सांगतो. खाली खरंच कायच न्हाय. उगाच तरास नका घेऊ."

सोबतचा गडी टपरीवर गेला होता, तरी हिरामणनी दारातून बाहेर कोणी ऐकतंय का ते पाहिलं.

"येवढा बोगदा खनला असता तर मातीचा डोंगर पडला असता," ते म्हणाले. "माती कुठं हाय? पयल्याच दिवशी बघितला मी."

"मंग रोज कशाला येता?"

"घरात सून कामाला, नातू शालेत. दिसभर भिंतीकडं बघून काय करू? गावात सांगू नको मात्र." मग त्यांनी आवाज चढवला. "चल, घंटा झाला. रेघ दाखव!"

दत्तात्रेयांनी रेघ दाखवली. हिरामणनी चष्मा लावून ती नीट तपासली.