फुटाण्याला लागलेली शिस्त

बाळांनो, मांडी घालून बसा आणि शेजारच्याला चिमटे काढू नका. एका जंगलात अस्वलराव राहत होते. शिस्तीचे भारी कडक. त्यांनी एक चिमुकलं कुत्रं पाळलं होतं, फुटाण्या नावाचं. गुहेचं दार जरा किलकिलं झालं की फुटाण्या सुटलाच.

त्या जंगलात एक बिबळ्याही होता. बिबळ्याला कुत्रं फार आवडतं, म्हणजे खायला. त्यामुळे अस्वलरावांचा जीव सारखा टांगणीला. ते दारात उभे राहून हाका मारत. फुटाण्या अर्ध्या वाटेवरून शेपूट हलवत परत येई. आला, की अस्वलराव त्याला निरगुडीच्या फोकानं सडकून काढत आणि पुन्हा पळशील का, असं विचारत.

त्यांच्या घराण्याची रीतच ती. अस्वलरावही लहानपणी असेच वळणावर आले होते. पुढे ते वडिलांच्या गुहेकडे कधी फिरकले नाहीत, पण ते कामाच्या व्यापामुळे.

शेजारी साळूताई साळिंदर राहायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊजी, पळतो तेव्हा तो तुमच्या हाती नसतो. मार खातो तो येतो म्हणून. आला की मधाचं बोट चाटवून बघा."

अस्वलराव हसले. पळपुट्याचे लाड केले तर जंगलात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय मध त्यांना स्वतःला लागत होता.

एके दिवशी फुटाण्या थेट ओढ्यापर्यंत गेला. पलीकडच्या काठावर बिबळ्या बसला होता. अलीकडून अस्वलराव धावत आले. एवढ्या घाईतही हातातला फोक सुटला नव्हता.

"फुटाण्या, ये रे माझ्या राजा," ते म्हणाले.

फुटाण्या पाण्यात मधोमध थांबला. त्यानं फोकाकडे पाहिलं. मग बिबळ्याकडे पाहिलं. बिबळ्यानं त्याला आजवर एकदाही मारलं नव्हतं.

"ये बाळा," बिबळ्या म्हणाला, "मी नाही रागावणार."

आणि तो खरोखरच रागावला नाही.

अस्वलराव धाय मोकलून रडले. ते रडणं खरं होतं, बाळांनो. त्यांचा फार जीव होता त्याच्यावर. सगळं जंगल भेटायला आलं. कुत्र्याची जातच कृतघ्न, यावर सर्वांचं एकमत झालं. साळूताई तेवढ्या उठून घरी गेल्या.

तेरावं उरकल्यावर अस्वलरावांनी गुहेत शिस्तीचे वर्ग काढले. आईबाप पिल्लांना घेऊन रांगेत उभे राहिले. फोक ज्याचा त्यानं घरून आणायचा होता.

तात्पर्य : परत आलेल्याला आधी चांगलं बडवावं. मग तो पुन्हा पळून जात नाही. पुन्हा पळायला आधी परत यावं लागतं.