नळीला दिसेल तीच धूळ

एका जंगलात, मुलांनो, हवेवरसुद्धा पहारा होता.

सिंहमहाराजांनी टेकडीवर एक नळी बसवली होती. ती दिवसभर सूर्याकडे बघायची. सूर्य जरा फिका दिसला, की मध्ये किती धूळ आहे ते तिला कळायचे. जमिनीवर बसून वरच्या हवेतले कण मोजायचे, म्हणजे हुशारीच ती. त्यात खोटे काही नाही.

नळीचा अधिकारी होता तरस. त्याच्याजवळ नियमांची वही होती. सूर्य फिका, तर धूळ. सूर्य दिसलाच नाही, तर ढग. आणि ढगाच्या दिवशीची मोजणी धरायची नाही.

धूळ वाढली की महाराजांची खोल गुहा पिल्लांसाठी उघडायची, असे ठरले होते. आत झरा होता. हवा ओली आणि स्वच्छ होती. तेवढ्या दिवसांपुरते तिथे कोणी कोणाला खायचे नाही, हेही ठरले होते.

वैशाखात धुळीचे वादळ आले. असे आले, की भर दुपारी सूर्य दिसेना. हरिणीचे पाडस होते, ठिपकी. तिच्या अंगावरचे ठिपकेही दिसेनासे झाले. तिला आधीच दमा. छाती भात्यासारखी हलू लागली.

हरिणी तिला घेऊन गुहेशी गेली. दारावर अस्वल होते. तेही खोकत होते.

"ताई, तरससाहेबांची चिठ्ठी आणा. माझ्या हातात काही नाही."

महाराज मात्र पहाटेच आत गेले होते. चिंतनासाठी, असे अस्वलाने सांगितले.

ठिपकीला दाराशी ठेवून हरिणी टेकडी चढली. तरसाने नळीला डोळा लावला आणि ढग आहेत म्हणून सांगितले.

"साहेब, ढग डोळ्यांत खुपतात का हो?"

"बाई, ही नळी सात डोंगरांपलीकडून आणलीय. तुम्ही कुठून आलात?"

हरिणीने नुसते अंग झाडले. वहीवर धुळीचा ढीग पडला. तरसाने तो शेपटीने शांतपणे पुसला.

"ही पडलेली धूळ. आमचं काम हवेतल्या धुळीचं."

मग त्याने ढग आल्याची दवंडी पिटवली. मोरांना नाचायचा हुकूम गेला. दोन मोर नाचता नाचता शिंकून आडवे झाले.

हरिणी परत गुहेच्या दाराशी येऊन बसली. अस्वल वाऱ्याच्या बाजूला पाठ करून ठिपकीला आडोसा देत होते. त्याच्या हातात तेवढेच होते.

तिसऱ्या दिवशी वादळ ओसरले. सूर्य दिसला, पिवळट, पण दिसला. नळीने लगेच धूळ ओळखली. तरस चिठ्ठी घेऊन स्वतः धावत आला. दार उघडले.

"आणा बाई. पहिला मान तुमच्या पिल्लाचा."

हरिणी दाराशीच उभी होती. एकटी. अस्वल खाली मान घालून पंजाची माती झाडत होते.

तरसाने थोडा वेळ वाट पाहिली. मग वहीत लिहिले, 'गुहा वेळेवर उघडली. हरिणीने पिल्लू आणले नाही.'

त्या वर्षी वादळाचे सगळे दिवस ढगाळ म्हणून वगळले गेले. उरलेले दिवस मोजून जंगलाला स्वच्छ हवेचे मानपत्र मिळाले. ते गुहेत लावले आहे. तिथे त्याच्यावर धूळ बसत नाही.

तात्पर्य : मुलांनो, संकट नेहमी बेताचेच असावे. फार मोठे झाले, की ते दरबाराला दिसत नाही.