झोपाळा माझा, छत सोसायटीचं

मी एवढंच ठरवलं होतं की झोपाळा दिवाणखान्यात टांगायचा. बाकी माझ्या मनात काही नव्हतं. देवाशपथ.

गावचं घर विकलं तेव्हा मुरलीनं विचारलं होतं, "आई, नाशिकला काय काय न्यायचं?" मी म्हटलं, "झोपाळ्याची फळी ने, आणि जागा उरली तर मला ने." सागवानी फळी आहे. तिच्यावर बसून मी शेंगा सोलल्या, पापडांचं पीठ मळलं, सासूशी भांडले आणि पुढे सुनेशी भांडायची तयारीही तिथंच केली. माझे गुडघे असे की खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. झोपाळ्यावरून मात्र मी एकटी उतरते, राणीसारखी. (राणीचे गुडघे कसे असतात ते मला माहीत नाही.)

पाथर्डी फाट्याला आमची गोदातीर रेसिडेन्सी. शेत माझ्या माहेरचं होतं, ते विकून घर घेतलं, म्हणून घर माझ्या नावावर. मुरली मिस्त्री घेऊन आला, मिस्त्रीनं छतात कड्या बसवल्या, स्वतः लोंबकळून दाखवलं आणि म्हणाला, "आजी, हत्ती बसवा." मी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण तो साध्या मनानं बोलला होता.

दुसऱ्याच दिवशी आमचे चेअरमन कापडणीस साहेब आले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले आणि बरोबर आमच्या डोक्यावर राहणारे. आले होते टाकी धुणार म्हणून सांगायला. त्यांची नजर वर गेली ती खाली येईना.

"हे काय आहे, जिजी?"

"झोपाळा."

"ते दिसतंय. वर काय आहे?"

"कड्या."

"कड्या कशात आहेत?"

"छतात."

"कोणाच्या छतात?"

"आता कोणाच्या म्हणजे? माझ्या."

साहेब हसले. एक्स-रे बघून डॉक्टर हसतो ना, तसे. "इथंच लोक चुकतात. तुमचं छत म्हणजे माझी फरशी. फरशी माझी. आणि दोघांच्या मधे जो स्लॅब आहे तो सोसायटीचा. तुम्ही सोसायटीच्या स्लॅबला भोकं पाडलीत."

"मग या घरात माझं काय आहे हो?"

"मधली हवा," साहेब म्हणाले. "ती तुम्ही खुशाल वापरा."

चार दिवसांनी नोटीस आली. झोपाळा उतरवा, भोकं बुजवा. मुरलीनं मोबाइलवर कायदा वाचला, मिस्त्रीला फोन केला, मित्राच्या वकील मेहुण्याला फोन केला आणि छाती फुगवून म्हणाला, "आई, घराच्या आत मालकाचे हक्क असतात. इमारतीला धोका नसताना हे असं करू शकत नाहीत. मी बोलतो सभेत."

सभा खाली पार्किंगमधे. मी इरकल नेसून गेले. मुरली उठला, "माझं म्हणणं असं की..."

सेक्रेटरी दुसाने लगेच म्हणाले, "मुरलीभाऊ, घर आईंच्या नावावर. तुम्ही सभासद नाही. बसा."

मुरली बसला. मी उठणार, तेवढ्यात दुसान्यांनी मुंडकी मोजली, घड्याळ पाहिलं आणि पुकारा केला, "कोरम नाही! सभा अर्धा तास तहकूब!"

कोरम म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, कोणी कोरम नावाचे गृहस्थ यायचे राहिलेत. सगळे उठून गेले, कोणी भाजी आणायला, कोणी कुकर लावायला. मीही घरी जाऊन जरा पाय पसरले. लिफ्टची वाट पाहण्यात उशीर झाला, खाली पोचले तर पार्किंगमधे फक्त कापडणीस आणि दुसाने, खुर्च्या घडी करताना.

"काय हो, सभा कधी?"

"झाली की! झोपाळा काढण्याचा ठराव मंजूर."

"कोणी केला मंजूर?"

"उपस्थित सभासदांनी."

"कोण होतं उपस्थित?"

"मी," साहेब म्हणाले. "आणि हे."

घरी येऊन मी मुरलीला विचारलं तेव्हा कळलं. पहिल्या सभेला पुरेशी माणसं लागतात. ती जमली नाहीत तर अर्धा तास थांबायचं, आणि मग त्याच जागी जी सभा भरते तिला कितीही माणसं चालतात. दोन असली तरी चालतात. म्हणजे बघा, आमच्या सोसायटीचा सगळा कारभार त्या अर्ध्या तासानंतर व्हायचा. इमारतीला वांग्याचा रंग कसा लागला, जिन्यात बसायला बंदी कशी आली, सगळं मला एकदम उमगलं.

"आई, आपण कोर्टात जाऊ," मुरली म्हणाला.

"कोर्टात तू जा," मी म्हटलं. "मी बाजारात जाते. भरताची वांगी आणायचीत."

आमच्या खालच्या मजल्यावर पिंगळेबाई राहतात. बाई म्हणजे तोफ. जिन्यात बसायला बंदी आल्यापासून ती धुमसत होतीच. तिनं दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि खास सभा मागितली. बेत माझा होता. सभा सुरू होणार, कोरम नसणार, अर्धा तास तहकूब होणार. त्या अर्ध्या तासात मी साहेब आणि दुसाने यांना घरी जेवायला न्यायचं आणि उठू द्यायचं नाही. तोवर पिंगळेबाईनं बायका घेऊन खाली बसायचं, अर्धा तास भरला की आपल्यातलीच एक अध्यक्ष करायची आणि ठराव करायचा, जिजींचा झोपाळा राहील. अगदी त्यांच्याच पद्धतीनं.

"जिजी, तुम्ही शाळेत गेला असता तर कलेक्टर झाला असता," पिंगळेबाई म्हणाली. मला ते पटलं. (तिथंच माझं चुकलं.)

सगळं बेतासारखं घडलं. दुसान्यांनी मुंडकी मोजली, पुकारा केला, आणि मी पदर सावरून म्हटलं, "साहेब, आता अर्धा तास इथं डास मारत बसणार का? वर चला. आमच्या जळगावकडचं भरीत आहे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आहेत."

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा दुसान्यांकडे पाहिलं. "ठरावावर याचा काही परिणाम होणार नाही हं, जिजी."

"छे हो. झोपाळा तर जाणारच आहे. जाण्याआधी त्याच्यावर बसून दोन घास खा."

आमच्या दिवाणखान्यात झोपाळा टांगल्यापासून दुसरी बसायची जागा उरली नाही. दोघं झोपाळ्यावर बसले. नीलिमानं, माझ्या सुनेनं, ताटं हातात दिली. ठेचलेली मिरची, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. पहिला घास घेतला आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, निम्मं मिरचीनं आणि निम्मं आनंदानं.

दुसान्यांनी घड्याळ पाहिलं. "साहेब, वेळ झाली."

"दुसाने, माझ्याशिवाय सभा सुरू होते होय? जिजी, अजून एक भाकरी."

मी भाकरी वाढली आणि झोपाळ्याला हळूच पायानं रेटा दिला. एक झोका, दुसरा झोका. साहेब बोलता बोलता थांबले, मान छातीवर आली, हातातलं ताट मी अलगद काढून घेतलं. दुसान्यांना उठायचं होतं, पण साहेबांचं डोकं त्यांच्या खांद्यावर. चेअरमनला जागं कसं करणार? बसले बिचारे हलत.

तेवढ्यात पिंगळेबाई धापा टाकत आली. "जिजी! ठराव मंजूर! झोपाळा राहणार!"

साहेब दचकून उठले. "कसला ठराव? कुठली सभा?"

"तुमचीच हो, तहकूब केलेली," मी म्हटलं. "तीच जागा. कितीही माणसं चालतात ना?" असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पिंगळेबाई पुढे म्हणाली, "फक्त जिजी, थोडी अडचण आली. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या भामरेवहिनी अडून बसल्या. स्लॅब जर सगळ्यांचा, तर त्याला एकट्या जिजींचाच झोपाळा का, म्हणे. मग मी तोड काढली."

"काय तोड काढलीस?"

"स्लॅब सगळ्यांचा, म्हणून झोपाळाही सगळ्यांचा! राहील इथंच, पण सोसायटीचा. प्रत्येक घराला पाळीनं बसायचा हक्क." आणि ती अशी माझ्याकडे पाहू लागली जशी मी तिची ओटी भरणार आहे.

मुरली आतून ओरडत आला, "हे बेकायदेशीर आहे! घराच्या आतली वस्तू सोसायटी अशी..."

"मुरलीभाऊ," दुसाने खांदा चोळत म्हणाले, "तुम्ही सभासद नाही."

मला वाटलं, साहेब चिडतील, ठराव फाडतील. साहेबांनी फळीवरून हात फिरवला, एक छोटा झोका घेतला, आणि म्हणाले, "सभेनं ठरवलं ना? मग सभा सर्वोच्च. सकाळची वेळ मी घेतो."

तेव्हापासून आमच्या घराचं दार बंद होणंच थांबलं. सकाळी साहेब पेपर घेऊन येतात. ते उठले की भामरेवहिनी मटार सोलायला. मग नुकतं लग्न झालेलं ते वरच्या मजल्यावरचं जोडपं, ते बसलं की आम्हाला आपल्याच घरात खोकून खोलीत यावं लागतं. नीलिमा दिवसभर चहा टाकते. एकदा भरदुपारी झोपाळा रिकामा दिसला म्हणून मी पटकन बसले, तर भामरेवहिनी दारातच. "जिजी, ही वेळ आमची हं. बसा, बसा, मी थांबते." आणि समोर उभी राहिली, मटारांची पिशवी पोटाशी धरून. कोणी असं समोर थांबलेलं असताना झोका घेता येतो का? उतरले मी.

"आई, आता तरी वकील करू," मुरली म्हणाला.

"वकील कशाला? मला आता रीत कळलीय," मी म्हटलं. "आणखी एक सभा मागू. कोरम नसणार, अर्धा तास मिळणार. या वेळी सगळ्यांनाच वर जेवायला बोलावते आणि खाली मी एकटी सभा भरवते. एकटी चालते ना?"

मुरलीनं डोकं धरलं, पण नाही म्हणाला नाही.

मोठं पातेलं भरून भरीत केलं. सभेच्या वेळेला खाली गेले आणि जागीच थांबले. पार्किंग भरून वाहत होतं. खुर्च्या संपल्या म्हणून लोक स्कूटरवर बसले होते. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं असे सभासदही आले होते. झोपाळ्याचा प्रश्न होता ना! दुसान्यांनी मुंडकी मोजली, दोनदा मोजली, आणि त्यांचा आवाज कापला. "साहेब... कोरम आहे."

सोसायटी उभी राहिल्यापासून पहिल्यांदा. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अर्धा तास काही मिळाला नाही. पातेलं मात्र नीलिमानं खाली आणलंच, सगळ्यांना वाढायचं असं मी सांगितलेलं, ते ती कशाला मोडेल. भाकऱ्या फिरल्या. एकेक जण हात चाटत म्हणायला लागला, "जिजी, काय चव हो!" "जिजी, असं भरीत आयुष्यात खाल्लं नाही!" मी खुर्चीत सैल झाले. भामरेवहिनीसुद्धा म्हणाली, "जिजी आहेत म्हणून आपली सोसायटी आहे." माझ्या डोळ्यांपुढे धुकं आलं हो.

साहेब उठले. "मी मांडतो की जिजींच्या मोठ्या मनाबद्दल सभा त्यांचे आभार मानते, आणि झोपाळा कायमचा सामायिक राहील. अनुमोदन कोण देतं?"

आभार ऐकले आणि पुढचं मी ऐकलंच नाही. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. हात असा उचलला गेला माझा, जसा काही हारच घ्यायला.

"आई!" मुरली मागून ओरडला. "हात खाली कर!"

"तुम्ही सभासद नाही!" अख्खं पार्किंग एका सुरात म्हणालं.

ठराव एकमतानं मंजूर झाला.

आज सकाळी मी दिवाणखान्यात गेले तर साहेब झोपाळ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचत होते. चष्म्यावरून पाहून म्हणाले, "जिजी, तुम्ही उभ्याच आहात तर जरा एक झोका द्या ना."

दिला. करते काय, अनुमोदन माझंच ना!